पाचटातले दिवे

बंद खोक्याच्या पोटातून 'खुळ्' असा आवाज आला, की पार्सल कारकुनाच्या पोटात त्याच्या दुप्पट मोठा आवाज होतो. हे मी अनुभवानं सांगतो. बारामतीच्या स्टेशनात मी पाच वर्षं पार्सलबाबू होतो. त्या पाच वर्षांत माझ्या टेबलासमोरून चिनी मातीच्या बरण्या गेल्या, हंड्या-झुंबरं गेली, औषधांच्या बाटल्या गेल्या, एका इनामदाराचं लंबकाचं घड्याळ तर वाटेत टोले देत गेलं. माझ्या जागी दुसरा असता तर त्याचे केस पांढरे झाले असते. माझे झाले नाहीत, कारण माझ्या वाट्याची काळजी करायला एक बाई होती. अनसूया कासारीण. गावाची अनसाबाई. ती इतकी काळजी करायची, की आम्हा बाकीच्यांना करायला काही उरतच नसे.

वय पन्नाशीच्या आसपास. उंची इतकी, की पार्सलच्या काट्यामागे उभी राहिली तर फक्त कुंकू दिसावं. कपाळावर तीन आठ्या कायमच्या मुक्कामाला आलेल्या. कामाला बसण्याआधी ती हातातल्या हिरव्या बांगड्यांवर जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळून त्यांना मुकं करायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "अनसाबाई, हात दुखावला का?"

"न्हाय बाबू. ह्या वाजत्यात. मग आतलं ऐकू येत न्हाय."

आतलं म्हणजे खोक्याच्या आतलं. तिच्या दुकानाच्या बांगड्या उत्तरेकडून यायच्या. वाटेत मोठ्या गाडीतून आमच्या छोट्या गाडीत माल चढवतात. 'चढवतात' हा शब्द रेल्वेच्या कागदातला, मी तो प्रकार डोळ्यांनी पाहिलेला आहे. तर तिथून वाचून आलेलं खोकं अनसाबाई घरीसुद्धा नेत नसे. गावातल्या रस्त्याचे धक्के कशाला, म्हणून आमच्या शेडमागच्या लिंबाखाली फतकल मारून ती तिथंच ते उघडायची. आणि बांगडी फुटली असं कासार कधी म्हणत नाही, 'वाढली' म्हणतो. अनसाबाईनं ही रीत जगातल्या सगळ्या वस्तूंना लावली होती. बरणी वाढायची, आरसा वाढायचा, एकदा आमच्या एका हमालाचं डोकं सिग्नलच्या खांबावर आपटून वाढलं होतं. माझ्या रजिस्टरात मोडतोडीचा एक रकाना होता. तिला वाचता येत नव्हतं, पण माझा टाक त्या बाजूला वळला की ती तोंड फिरवून उभी राहायची.

स्वतःचा माल सोडवता सोडवता तिची नजर शेजारच्या मालावर जायची, आणि तिथून सगळं सुरू झालं. सांगवीच्या एका न्हाव्यानं पुण्याहून दुकानासाठी माणूसभर उंचीचा आरसा मागवला होता. तो गोणपाटात गुंडाळून, वर सुतळी बांधून बैलगाडीत घालायच्या बेतात होता.

"आरं ए दादा," अनसाबाई लिंबाखालून ओरडली, "ह्ये काय बांधलंयस? आरसा हाय का आजारी म्हातारं हाय?"

"का? काय झालं?"

"अजून काय न्हाय झालं. सांगवीच्या वळणावर हुईल."

न्हावी बिचारा मागे सरला. तिनं सुतळी सोडली, आरसा लाकडी चौकटीत घातला, चारी कडांना उसाचं पाचट ठासलं. पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. आमच्याकडे कालव्याच्या कडेनं त्याला तोटा नाही. पण ती ते तसंच वापरत नसे. आधी पाण्यातून काढायची, मग दोन दिवस उन्हात खडखडीत वाळवायची. गोडी राहिली तर मुंग्या येतात, आणि मुंग्या आल्या की त्यांच्यामागे उंदीर येतात, असा तिचा हिशेब होता. खोकं ठोकून झाल्यावर तिनं ते फलाटाच्या कडेला उभं केलं आणि न्हाव्याच्या डोळ्यांदेखत खाली ढकलून दिलं.

न्हावी जिथं उभा होता तिथंच बसला. अनसाबाई खाली उतरली, खोक्याला कान लावून ऐकलं, आणि म्हणाली, "निजलाय. घिऊन जा."

तिची सगळी विद्या एवढीच होती: आतला माल निजला पाहिजे. "आत जागा ऱ्हायली की माल हिंडतो. हिंडला की वाढतो." त्या दिवसापासून फुटण्यासारखं काही पाठवायचं किंवा न्यायचं असलं की लोक आधी लिंबाखाली जायचे, मग माझ्याकडे.

आता वाटेल, एवढी हातखंडा बाई, तिला काळजी कसली? पण उलट, खोकं ठोकून झालं की तिची खरी काळजी सुरू व्हायची. कऱ्हाटीच्या एका बागाईतदाराकडे लग्नासाठी काचेच्या हंड्या गेल्या, तेव्हा ती माझ्या ऑफिसात चहाची बशी हातात धरून बसली होती. नजर भिंतीवर. मी काहीतरी विचारलं तर म्हणाली, "गप ऱ्हावा बाबू. गाडी वड्यात उतरतीय." थोडा वेळ गेला. मग तिचा हात एकदम हिसकला. धक्का कऱ्हाटीच्या ओढ्यात बसला आणि चहा बारामतीच्या रजिस्टरवर सांडला. त्या डागाबद्दल मला वरून लेखी विचारणा झाली होती. मी काय उत्तर दिलं ते विचारू नका.

हंड्या शाबूत पोचल्या, हेही सांगून टाकतो.

अशात आमच्याकडे नवे स्टेशनमास्तर आले. सडपातळ, टापटिपीचे, कोटाची सगळी बटणं लावणारे. नियमांचं पुस्तक त्यांना पाठ होतं आणि ते पाठ आहे हे आम्हालाही पाठ व्हावं अशी त्यांची इच्छा असे. तिसऱ्याच दिवशी त्यांनी लिंबाकडे बोट दाखवलं.

"त्या बाई कोण?"

"अनसाबाई. पॅकिंग करतात."

"रेल्वेच्या नोकर आहेत?"

"नाहीत."

"मग रेल्वेच्या हद्दीत काय करतात? उठवा."

मी उठवलं नाही. मी मास्तरांना न्हाव्याचा आरसा सांगितला, हंड्या सांगितल्या, अभिनय करून सांगितल्या, न्हाव्यासारखा जमिनीवर बसूनही दाखवलं. त्यांच्या कोटाचं एक बटणही हललं नाही. पण अनसाबाईला कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. जागा गेली तर तिचं सगळं कामच मोडणार होतं. गावात तिच्या घरापर्यंत माल न्यायचा म्हणजे बांधायच्या आधीच खड्ड्यांतून न्यायचा. "धक्का खाल्ल्यावर वैद्याकडं आणून काय उपेग," ती म्हणाली.

आणि नेमकं त्याच आठवड्यात बोलपटाचं यंत्र आलं.

इंदापूरला शंकरराव म्हणून एक हौशी गृहस्थ होते. त्यांचा तंबूतला सिनेमा. मुके चित्रपट बरेच दिवस चालवले, मग बोलपट आला आणि त्यांनी आवाज मोठा करणारं यंत्र घेतलं. अँप्लिफायर. ते बिघडलं, पुण्याला दुरुस्तीला गेलं, आणि दुरुस्त होऊन आमच्या शेडमध्ये येऊन पडलं. दोन हमालांना उचलताना कण्हायला लावणारी लोखंडी पेटी, आणि त्या पेटीच्या पाठीवर काचेचे सात दिवे, व्हॉल्व्ह म्हणतात ते. बाहेरच्या खोक्याची एक फळी वाटेत तडकलेली होती. अजून तीसएक मैल बैलगाडीनं जायचं होतं. शंकररावांचं पत्र आधीच आलं होतं: बाजाराच्या दिवशी खेळ ठेवला आहे, गावोगाव दवंडी दिली आहे, कृपा करा.

अनसाबाईनं आत डोकावून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "लोखंड आन् काच एका घरात! ह्ये लगीन कुणी जमवलं?"

मास्तर मागे उभे होते. त्यांनी घसा साफ केला. "बाई, एक संधी देतो. हे यंत्र इंदापूरला शाबूत पोचलं, तर तुम्ही लिंबाखाली बसा, माझी हरकत नाही. नाही पोचलं, तर जागा सोडायची. लिहून देता?"

मी कागद लिहिला. 'माल शाबूत पोचेल.' तिनं अंगठा उठवला. शाई पुसायची विसरून ती तडकलेली फळी चाचपायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती कामाला लागली. पहिल्यांदा तिनं सातही दिवे खाचांतून एकेक करून हलवत, चुचकारत बाहेर काढले. लोखंड जड, ते हिंदकळलं तर काच वाचणार नाही. तेव्हा दोघांची ताटातूट करायची. अगदी बरोबर विचार. मग तिनं पदराचा शेव ओला केला आणि बांगड्या पुसते तसा प्रत्येक दिवा पुसून लख्ख केला. काचेवर रेतीचा कण राहिला की चरा पडतो, म्हणून कासार पुसल्याशिवाय काच बांधत नाही. मग ते मापानं लावले, लहानांत लहान, मोठ्यांत मोठे, जसे बांगड्यांचे जोड लावतात. प्रत्येकाला कापसाची दुलई, वर चिंधी, आणि सगळे एका छोट्या लाकडी पेटीत. लोखंडी धूड एका जाड पाटावर आवळलं, मोठ्या खोक्यात घातलं, चारी बाजूंनी हातभर पाचट. मी कौतुकानं बघत होतो. तुम्हाला सांगतो, मीही काही म्हणालो नाही. मला वाचता येत होतं, आणि मीही काही म्हणालो नाही!

पुढच्या पहाटे निघालो. गाडी गेनबाची होती. गेनबा निमगाव केतकीचा, रस्त्याचा प्रत्येक दगड ओळखणारा. अनसाबाई त्याच्या शेजारी बसली, मांडीवर दिव्यांची पेटी, आणि हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या.

"मावशे, तहान लागली काय आत्तापासनं?"

"पाणी सांडलं की मला धक्का कळतोय."

"म्हंजी माझ्या बैलांची परीक्षा घेतीस व्हय?"

"बैलांची कशाला? ती शाणी हायेत."

मी मागे बसलो होतो. पोचल्याची सही आणायला मास्तरांनी मला पाठवलं होतं. त्या प्रवासात मी जेवढा घाबरलो तेवढा माझ्या लग्नातही घाबरलो नाही. दर अर्ध्या मैलावर अनसाबाई "थांब" म्हणायची, खाली उतरायची, पुढे चालत जाऊन चाकोरीतला दगड उचलून बाजूला टाकायची, मग हात करायची. पाण्याचा तांब्या एव्हाना माझ्या हातात आला होता आणि माझं धोतर गुडघ्यापर्यंत ओलं होतं. "बाबू, तुमी हिंदकळताय का गाडी हिंदकळतीय?" ती विचारायची. मला खरंच सांगता येत नव्हतं.

रात्री निमगावला गेनबाच्या घरी मुक्काम केला. सकाळी निघालो आणि गावाबाहेर समोरून एक मोटार आली. धुरळा, भोंगा, आणि गेनबाचा डावा बैल बिथरला. चाक कडेच्या मोठ्या धोंड्यावर चढलं. गाडी एका अंगाला कलली. मी 'अनसाबाई' असं ओरडलो, पण तिच्या जागी ती नव्हतीच. तिनं दिव्यांची पेटी दोन्ही हातांत डोक्यावर उंच धरून उडी मारली होती आणि ती गुडघ्यांवर रस्त्यात पडली होती. पेटी मात्र हवेतच. गाडी कशीबशी सावरली. गेनबा बैलाला शिव्या देत होता, मोटारवाल्याला देत होता, मग मला देऊ लागला.

अनसाबाईनं पेटी कानाशी नेली. आम्ही तिघंही श्वास धरून.

"निजल्यात," ती म्हणाली. तिच्या लुगड्यावर गुडघ्यापाशी रक्ताचा डाग पसरत होता. तो तिला इंदापूर येईपर्यंत दिसला नाही.

शंकररावांच्या तंबूत दुपारी खोकं उघडलं. पाचट उपसलं, लोखंडी पेटी बाहेर आली, एकही ओरखडा नाही. मग छोटी पेटी उघडली. कापसातून सात दिवे निघाले, सातही शाबूत, असे चकचकीत की शंकररावांना त्यांत आपल्या मिशा दिसल्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सहीचा कागद पुढे केला. गेनबानं तंबाखू मळायला घेतली. अनसाबाईच्या कपाळावरची एक आठी कमी झाली. तीनपैकी एकच, पण झाली.

मग ऑपरेटर आला. हा मुक्या सिनेमाच्या काळातला माणूस. हँडल फिरवण्यात वाघ, पण बोलपट त्याला नवा. त्यानं एक दिवा उचलला, उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडे धरला.

"नंबर कुठाय?"

"कसला नंबर?" शंकरराव म्हणाले.

"काचेवर छापलेला असतो. पांढऱ्या अक्षरात. कुठला दिवा कुठल्या खाचेत ते त्यावरनं कळतं. खाचेपाशी नंबर हाय, हा बघा. दिव्यावरचा कुठं गेला?"

माझी नजर अनसाबाईच्या पदराकडे गेली. दिवे पुसताना त्याच्या ओल्या शेवाला पांढुरका डाग लागला होता. मी तो पाहिला होता आणि चुना समजलो होतो.

"म्या पुसलं," अनसाबाई म्हणाली. "मला वाटलं, मळ हाय."

ऑपरेटरनं दिवे उलटे करून त्यांच्या बुडाचे पाय मोजायला घेतले. शंकररावांनी कपाळावरून रुमाल फिरवला. पायांच्या संख्येवरून चार दिव्यांची घरं ऑपरेटरनं शोधून काढली. राहिले तीन मोठे, चार पायांचे, वरच्या टोकाला आतून चांदीसारखे झालेले, एकमेकांचे सख्खे भाऊ. त्यांतले दोघे खरंच सारखे होते, ते कुठंही चालले असते. पण तिसरा वेगळा. त्याची खाच पहिली. तिथं चुकून दुसरा बसला तर विजेचं इंजिन सुरू होताच जळून जाईल, असं ऑपरेटर म्हणाला, आणि नवा मुंबईहून येईपर्यंत तंबूला पोवाडे ऐकवावे लागतील.

"बाजार कवा हाय?" अनसाबाईनं विचारलं.

"उद्या," शंकरराव म्हणाले. त्यांचा आवाज यंत्राशिवाय कुणालाही ऐकू गेला नसता.

अनसाबाई लोखंडी पेटीसमोर बसली. हातावरच्या चिंध्या घट्ट केल्या. डोळे मिटले. मग पहिल्या खाचेवर चार बोटं ठेवून बसून राहिली. मी तिला बाजारात बायकांना बांगड्या भरताना पाहिलं होतं. हात हातात घेतला की ती त्या बाईच्या तोंडाकडे बघायची नाही. मापाचं नाव सांगून मोकळी व्हायची. वर्षानं तीच बाई आली की म्हणायची, "तुझा हात उतरलाय, सासूला सांग जेवायला घालायला." तिची ओळख सगळी बोटांत होती.

"हिथला दिवा," ती हळू म्हणाली, "काढताना सैल आला. बाकीचे दोन हट्टाला पेटलं हुतं. एकानं तर अंगठ्याला कळ आणली."

"अंदाजानं चालणार न्हाय बाई," ऑपरेटर म्हणाला.

"अंदाज न्हाय. द्या."

तिनं पहिला दिवा पहिल्या खाचेत सरकवला. अडला. काढला. दुसरा सरकवला. तो असा आत गेला, की कुणी आपल्याच घराचा उंबरा ओलांडावा. तिसरा अडला. "ह्यो," ती म्हणाली. "पायांनी आपली वाट पाडलीय."

"एकदा पुन्हा करा," मी म्हणालो. आणि इथं मी माझ्या हातचलाखीचं थोडं कौतुक करून घेणार आहे. गेनबाच्या डबीतला चुना नखावर घेऊन मी त्या दिव्याच्या बुडाला, कुणाला दिसणार नाही असा, ठिपका दिला. तिचे डोळे मिटलेलेच होते. तिन्ही दिवे उलटसुलट करून एकेक करून तिच्या हाती दिले. तिनं लावून बघितले. "ह्यो." मी बूड बघितलं. ठिपका. पुन्हा फिरवले. "ह्यो." ठिपका. तिसऱ्यांदा मी तोच दिवा दोनदा देऊन तिला फसवायला बघितलं. "बाबू," ती डोळे न उघडता म्हणाली, "ह्यो येऊन गेला."

इंजिन सुरू करायला शंकररावांनी हात केला तेव्हा ऑपरेटर तंबूच्या बाहेर जाऊन उभा राहिला. यंत्राचं बटण शेवटी शंकररावांनी स्वतः दाबलं. काही झालं नाही. आम्ही बघत राहिलो. मग त्या काचांच्या आत, पहिल्यांदा एका कोपऱ्यात, तांबूस तार उमटली. मग दुसरी. सातही उजळले. कर्ण्यातून घूं असा सूर आला. शंकररावांनी माईकपाशी तोंड नेलं, पण शब्द सुचेना, शेवटी ते म्हणाले, "अनसाबाई!" आणि अख्ख्या इंदापूरला तिचं नाव ऐकू गेलं. बाहेरच्या पिंपळावरचे कावळे उडाले.

गेनबा नाचला. मीही नाचलो असेन. अनसाबाई मात्र जागेवरून हलली नाही. त्या पहिल्या दिव्याकडे डोळे लावून बसली होती, आणि इंजिन बंद करीपर्यंत तिनं पापणी लवू दिली नाही.

शंकररावांनी कागदावर लिहिलं: माल शाबूत पोचला, यंत्र उत्तम चालले. सही. तो कागद मी बारामतीला मास्तरांच्या टेबलावर असा ठेवला, जसा सरदार गड जिंकल्याचा खलिता ठेवतो. मास्तरांनी वाचला, घडी घातली. "ठीक आहे," ते म्हणाले. "बसू द्या त्यांना."

अनसाबाई दारातच उभी होती. मी तिला डोळ्यांनी खूण केली: झालं, चला. ती चालेना.

"सायेब, कागद अर्धा हाय," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दिव्यावरलं नंबर म्या पुसलं. मला वाचता येत न्हाय, मळ समजून पुसलं. बोटाला याद हुती म्हणून निभावलं. याद नसती तर दिवा..." ती अडली. मग तिनं तो शब्द उच्चारला, माझ्या ऐकण्यात पहिल्यांदा आणि शेवटचा. "फुटला असता म्हणा, जळला असता म्हणा."

मी धावत जाऊन तिचं तोंड दाबायचाच काय तो बाकी होतो. मास्तरांनी कागदाची घडी पुन्हा उलगडली. मग म्हणाले, "बाई, माल पोचला तो नशिबानं. नशिबावर मी रेल्वेची जागा देऊ शकत नाही."

"बराबर हाय," अनसाबाई म्हणाली, आणि गेली.

मी मास्तरांशी दोन दिवस बोललो नाही. तिच्याशी भांडलो. "कुणी विचारलं होतं तुम्हाला? कुणाला कळणार होतं?"

"मला कळलं हुतं की," ती म्हणाली. "आन् त्यांचं काय चुकलं? त्यांच्या जागी मी असते तर मीबी उठवलं असतं."

ती उठली आणि स्टेशनच्या फाटकाबाहेर, रेल्वेची हद्द संपते तिथून दोन पावलांवर, एका बाभळीच्या फाटक्या सावलीत बसली. वर्षभर काम जेमतेम चाललं. उन्हात पाचट वाळायचं छान, पण ती स्वतःही वाळली. मग हळूहळू बैलगाड्या फाटकातून आत यायच्या आधी बाभळीपाशी थांबायला लागल्या. गेनबा तर आपल्या गाडीतलं रिकामं खोकंही तिला दाखवून मग आत आणायचा, मास्तरांना चिडवायला. तिनं आता एक नवी रीत घातली होती. कुठलाही भाग सुटा करायचा असला, की आधी तिथं रंगीत दोरा बांधायचा आणि त्याच रंगाचा दुसरा दोरा त्या भागाला. हिरव्याला हिरवा, पिवळ्याला पिवळा. आणि काही पुसायचं असलं की मालकाला विचारायची, "ह्यो मळ हाय का अक्षर?" एका मारवाड्याच्या दारावरच्या गणपतीच्या तसबिरीवरल्या शेंदराबद्दलही तिनं असंच विचारलं होतं, त्यानं फार वाईट मानलं. तिचा माल पूर्वीसारखाच शाबूत पोचायचा. पण पूर्वी कुणी विचारलं तर ती 'पोचंल' म्हणायची, ते आता म्हणेना. फार खोदून विचारलं तर पाचट नीट करत बसायची.

पुढे मास्तरांची बदली झाली. त्यांनी मधल्या काळात बॅटरीवर चालणारा रेडिओ घेतला होता. संध्याकाळी बातम्यांच्या वेळी ते कोटाची बटणं लावून त्याच्यासमोर बसायचे. बदलीचा हुकूम आला तेव्हा सगळं सामान आमच्या हमालांनी बांधलं. रेडिओ मात्र तसाच टेबलावर राहिला. दोन दिवस मास्तर त्याच्याभोवती फिरत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी मी खिडकीतून पाहिलं: मास्तर रेडिओ छातीशी धरून, एकटेच, फाटकाबाहेर चालले होते. हमालाच्या हातीही त्यांनी दिला नव्हता.

अर्थात मी मागोमाग गेलो. असला देखावा कोण सोडतो?

अनसाबाईनं त्यांना बसायला गोणपाट दिलं. मग रेडिओची मागची फळी उघडून आतल्या एकेका दिव्यावर बोट ठेवत विचारू लागली, "ह्यो कुठला? ह्याच्यावर हे लिवलंय त्ये काय?" मास्तर वाचून दाखवत होते आणि तिच्या सांगण्यावरून दोरे बांधत होते. नियमांचं पुस्तक पाठ असलेला तो माणूस तांबडा कुठला आणि नारंगी कुठला यात दोनदा चुकला. दोन्ही वेळा तिनं दोरा सोडून पुन्हा बांधायला लावला. मोबदला तिनं इतरांकडून घ्यायची तेवढाच घेतला. जागेबद्दल ना ती काही बोलली, ना ते.

दुसऱ्या सकाळी गाडी सुटली. मी फलाटावर होतो. छोटी गाडी फाटकापाशी हळू होते, आणि बाभळीखाली अनसाबाई उभी होती, पदराचं टोक मुठीत आवळून. मास्तरांनी खिडकीतून निम्मं अंग बाहेर काढलं. कोटाचं वरचं बटण उघडं होतं. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून ते ओरडले,

"अनसाबाई! पोचेल ना हो शाबूत?"

अनसाबाई गाडीबरोबर चार पावलं धावली.

"मला काय म्हाईत, सायेब!"